दोन डोंगरांमधला सूर्य आधी पुसा : जागेवर बसून निसर्गचित्र रंगवताना आणि शिकवताना

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ‘निसर्गचित्र काढ’ म्हटलं की हात आपोआप चालू लागतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली नागमोडी नदी, काठावर झोपडी, एक नारळ आणि बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. गंमत म्हणजे असा त्रिकोणी डोंगर सह्याद्रीत फारसा भेटतच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजून त्यांचा बेसॉल्ट झाला. म्हणून इथले बहुतेक डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात : वर सपाट माथा, खाली उभा कातळकडा, मग उतार, पुन्हा कडा. डोळ्यांसमोर हे असताना हात मात्र त्रिकोणच काढतो, कारण तो पाहून काढत नसतो, पाठ केलेलं लिहीत असतो.

निसर्गचित्रात जीव येतो तो निवडीमुळे. समोर दोनशे गोष्टी असतात, त्यातल्या चार घ्यायच्या असतात, आणि कोणत्या चार हे उजेड ठरवतो. म्हणून निर्णय घेण्याचा क्रम असा ठेवा : आधी उजेड-सावली, मग आकार, आणि रंग शेवटी. नवशिके नेमकं उलटं करतात, पहिल्या मिनिटाला हिरव्याची ट्यूब उघडतात.

उदाहरणासाठी वाईजवळचं मेणवली घेऊ. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा दगडी घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. पायऱ्या, पाणी, झाड, देऊळ आणि लांबवर डोंगर, म्हणजे शिकायला लागतं ते जवळजवळ सगळं एका जागी. तुमच्या गावातलं तळं किंवा बाजारपेठेतला बोळही चालेल, पद्धत बदलत नाही.

पिशवीत काय असावं

पैसे वाचवायचे तर रंगांवर वाचवा, कागदावर नको. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, किंचित खरखरीत (दुकानात त्याला ‘कोल्ड प्रेस’ म्हणतात) कागद घ्या. कापसाचा असेल तर उत्तम. साधा कार्ट्रिज पेपर पेन्सिल-कोळशाला छान आहे, पण त्यावर दोनदा ओला ब्रश फिरवला की भुसा निघायला लागतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की चूक आपली आहे. २२ × ३० इंचांच्या फुल इम्पिरियल कागदाचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचांचा क्वार्टर मिळतो. सुरुवात त्याच्याही निम्म्या आकारावर करा, म्हणजे साडेसात × ११ इंच. मोठा कागद भरताना नवशिक्याचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्ध्यावरच वाळतो.

ब्रश तीनच पुरतात : बारा नंबरचा राउंड, ज्याला टोक येतं आणि पोटात भरपूर पाणी राहतं, एक इंची फ्लॅट, आणि फांद्या, दोऱ्या, तारांसाठी दोन नंबरचा रिगर, म्हणजे लांब, बारीक केसांचा ब्रश. बाजारातल्या सेटमधले शून्य-एक नंबरचे ब्रश घरीच ठेवा. बारीक ब्रश हातात आला की माणूस पानं मोजायला लागतो.

रंग सात : लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो गडद करडा होतो तो बेसॉल्टच्या घाटाला काळ्यापेक्षा कितीतरी जास्त शोभतो, आणि प्रमाण बदललं की तोच थंड किंवा उबदार होतो. प्रशियन ब्लू जपून वापरा : तो कागदात मुरतो, नंतर ओल्या ब्रशनं उचलून घेता येत नाही.

बाकी सामान : पांढरी पॅलेट, पाण्याची दोन भांडी (एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाण्याला), लिटरभर पाणी, जुना सुती पंचा, मास्किंग टेप, ४बी पेन्सिल, कोळशाच्या दोन कांड्या, कागदाच्या पाठीमागे बोर्ड म्हणून लावायला सहा मिलिमीटरचा प्लायचा तुकडा, बुटकं स्टूल. छत्री पांढरी किंवा काळी घ्या. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तिचीच झाक पडते आणि सगळे रंग चुकतात. कागद उन्हात ठेवूनही रंगवू नका. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, त्यामुळे आपण रंग गरजेपेक्षा गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

आणखी एक वस्तू घरीच करा : जाड पुठ्ठ्यात साडेपाच × साडेसात सेंटिमीटरची खिडकी कापा. तिचं प्रमाण क्वार्टर कागदाइतकंच येतं. ती एका डोळ्यासमोर धरून पुढे-मागे करायची. समोरचा पसारा चौकटीत बसला की अर्धी भीती जाते.

वेळ आणि जागा

सकाळी साडेनऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर. भर दुपारी सावल्या पायाखाली जातात, कडे आणि पायऱ्या सपाट दिसतात आणि चित्राला धरायला काही उरत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दीड तासात सावल्यांचा सगळा नकाशा बदलतो. तेवढ्या वेळात होईल एवढंच चित्र घ्या. सावल्या सुरुवातीच्या छोट्या पेन्सिल-टिपणात पक्क्या केल्या की नंतर त्या सरकल्या तरी टिपणाप्रमाणेच रंगवायचं. मध्येच नवी सावली घेतली तर चित्रात दोन सूर्य होतात.

घाटावर बसताना पायऱ्यांच्या एका कडेला बसा. धुणं धुणाऱ्या बायका, नैवेद्य घेऊन येणारी माणसं यांची ती वाट आहे. रंगाचं पाणी नदीत ओतू नका, बाटलीत भरून परत न्या.

टिपण : पंधरा मिनिटं, रंगाशिवाय

डोळे अर्धवट मिटा. तपशील विरघळतात आणि फक्त गडद-फिकट ठिगळं उरतात. खिडकीच्या आकाराच्या तीन चौकटी काढा आणि प्रत्येकीत ४बी पेन्सिलनं तीनच छटा भरा : कोरा कागद, मधली, गडद. पाच मिनिटांना एक. पहिली आडवी, दुसरी उभी, तिसरी अगदी जवळून, समजा फक्त पायऱ्या आणि पाण्याची कड. बाजूला वेळ लिहा आणि ऊन कुठून येतंय त्याचा बाण काढा.

मग तिन्ही हातभर अंतरावरून पाहा. ज्यात गडद ठिगळं एकमेकांना जोडलेली दिसतात आणि उजेडाची एकच मोठी जागा आहे, ते घ्या. मेणवलीत बहुतेकदा ती जागा उन्हातल्या पायऱ्यांची असते, आणि झाड, देवळाची सावलीतली बाजू व पाण्यातला काळोख मिळून एक सलग गडद आकार होतो. हा आकार सापडला की चित्र सापडलं. न सापडल्यास रंग उघडूच नका, जागा बदला.

हात फारच आखडला असेल तर दहा मिनिटं बोरूनं, म्हणजे तासलेल्या वेताच्या लेखणीनं, काढा. बोरू शाईत बुडवून काढलेली रेघ सुरुवातीला जाड ओघळते आणि पुढे कोरडी, तुटक होते. खोडता येत नाही, घासता येत नाही, म्हणून हात निर्णय घेऊ लागतो. कड्याला बोरूची पाती आडवी ओढा, गवताला टोकानं झटका द्या, पाण्याला चारच आडव्या रेघा. खुणेची जात बदलली की वस्तू ओळखू येते, बाह्यरेषा गिरवायची गरज उरत नाही.

रेखाटन

कागदावर पहिली रेघ दृष्टिरेषेची, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीची. स्टुलावर बसलात तर ती जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असते. घाट काढताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दृष्टिरेषेच्या खालच्या पायऱ्यांचा वरचा सपाट भाग दिसतो आणि जितक्या खाली तितका जास्त रुंद दिसतो. दृष्टिरेषेच्या वरच्या पायऱ्यांचा फक्त उभा दगड दिसतो. नवशिके सगळ्या पायऱ्यांना वहीच्या रेघांसारखे समान पट्टे देतात आणि घाट भिंतीसारखा उभा राहतो. सगळ्या पायऱ्या काढायच्याही नाहीत : वरच्या दोन, खालच्या तीन, मधल्या उन्हात विरून जाऊ द्या.

पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली पडतं, तिरकं नाही. त्यात गडद वस्तू थोडी फिकी आणि उजळ वस्तू थोडी मंद दिसते. पायऱ्यांच्या प्रतिबिंबात त्यांचे सपाट भाग दिसत नाहीत, उभे दगडच दिसतात, कारण पाणी घाटाकडे खालून पाहत असतं.

रेखाटनाला दहा मिनिटं पुरेत. छायांकन पेन्सिलनं करू नका. शिसं रंगाखाली मळतं.

पाण्याचं प्रमाण

जलरंगाची सत्तर पानांची पुस्तकं वाचण्याऐवजी रंगाच्या दाटपणाची चार मापं लक्षात ठेवा : कोरा चहा, ताक, बासुंदी, चक्का. आकाश आणि पहिला थर कोऱ्या चहाइतका पातळ. मधले डोंगर, झाडांचे मोठे आकार ताकासारखे. सावल्या बासुंदीसारख्या. शेवटचे चार-पाच फटकारे चक्क्यासारखे. रंग वाळल्यावर ओल्यापेक्षा फिका होतो, तेव्हा लावताना तो नकोसा गडद वाटला पाहिजे. नाहीतर वाळल्यावर सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं.

दुसरं, कागदाची चकाकी. कागद तिरका धरून पाहायचा. आरशासारखा चमकतोय तोवर त्यात काहीही सोडा, मऊ पसरेल. चमक मंद झाली की फक्त आधीपेक्षा घट्ट रंग सोडायचा, पाणी अजिबात नाही. चमक गेली पण हात लावला तर थंड लागतो, तेव्हा हात मागे. पूर्ण वाळल्यावरच पुढचा थर. मे महिन्यात देशावर ही सगळी प्रगती दोन-चार मिनिटांत होते. कोकणात पावसाळ्यात एक वॉश वाळायला अर्धा तासही लागतो, म्हणून तिथे पाणी कमी घ्या आणि दोन लहान चित्रं आलटून पालटून रंगवा.

रंगवणं

बोर्ड दहा-पंधरा अंश तिरका करा, खाली पाण्याची बाटली आडवी ठेवली की झालं. कागदाला हात लावण्याआधी तीन रंग भरपूर कालवून ठेवा : आकाशाला अल्ट्रामरीन, खालच्या बाजूला यलो ऑकर, पाण्याला दोन्हींचा हिरवट करडा. क्वार्टर कागदाला प्रत्येकी दोन-तीन चमचे लागतात. मध्येच रंग संपला आणि तुम्ही कालवायला बसलात की तिथे वाळलेली कड पडते, ती नंतर जात नाही.

मोठ्या ब्रशनं वरून खाली या. प्रत्येक आडव्या फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब लोंबत राहिला पाहिजे, पुढचा फटकारा त्या थेंबाला पकडून खाली नेतो. आकाश, डोंगर, झाड, पाणी सगळ्यांवरून सलग जा. फक्त उन्हातल्या पायऱ्या कोऱ्या ठेवा. जलरंगातला पांढरा म्हणजे कागद, तो एकदा गेला की पोस्टर कलरच्या पांढऱ्यानं परत येत नाही, नुसता खडू दिसतो.

वाळल्यावर दुसरा थर. लांबचे डोंगर : अल्ट्रामरीन, किंचित क्रिमसन, चिमूटभर बर्न्ट सिएना. माथा सपाट, कडा उभ्या फटकाऱ्यानं, उताराला ब्रश आडवा. पावसानंतर हवा धुतलेली असते, तेव्हा लांबचं निळं दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र धुळीमुळे लांबचे डोंगर पिवळट-पांढुरके होतात. पुस्तकात ‘लांबचं निळं’ वाचलं म्हणून एप्रिलमध्ये निळे डोंगर रंगवणं म्हणजे पुन्हा ते दोन त्रिकोणच.

हिरव्याबद्दल जरा थांबू, कारण महाराष्ट्रातली निम्मी निसर्गचित्रं ट्यूबमधल्या हिरव्यानं मरतात. हिरवा नेहमी कालवा. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन यांनी पावसाळी गवताचा हिरवा मिळतो. त्यात बर्न्ट सिएना घातला की ऑक्टोबरमधला, पिकत चाललेला. आंबा हा गच्च, घुमटासारखा आणि निळसर गडद. कोवळी पालवी आली तर त्यात तांबूस ठिपके. बाभूळ विरळ, राखाडी-पिवळट, तिच्यातून आकाश दिसलं पाहिजे. प्रत्येक झाडात दोन-तीन आकाशाच्या भोकांची जागा सोडा, आणि ती भोकं सारख्या आकाराची नसावीत. कोकणातली लाल वाट असेल तर लाइट रेडमध्ये थोडा ऑकर, उन्हात पातळ. सावलीत मात्र लाल गडद करण्याऐवजी त्यात अल्ट्रामरीन घाला, मग जांभळट सावली जमिनीवर पडल्यासारखी बसते.

शेवटी गडद. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, बासुंदीइतका दाट, एका दमात, झाडाच्या सावलीपासून देवळाच्या कोनाड्यापर्यंत आणि तिथून पाण्यात उतरत. ही जोडणी तुटू देऊ नका. एखादी कड धारदार, तीही उजेडाला भिडते तिथे. बाकीच्या कडा ओल्या ब्रशनं मऊ करा. सगळ्या कडा धारदार ठेवल्या की चित्र कात्रणांच्या चिकटवहीसारखं दिसतं.

माणसं दोन-तीन, विषम अंतरावर. तुम्ही बसलेले असाल आणि माणूस त्याच पातळीवर उभा असेल तर दृष्टिरेषा त्याच्या छातीपाशी येते. हे पाळलं नाही तर माणसं हवेत तरंगतात. डोक्याचा एक ठिपका, खाली निमुळता फटकारा, पाय वेगळे न काढता पायरीत विरघळवलेले. डोकं मोठं झालं की लगेच शाळकरी मुलं दिसायला लागतात.

दीड तास झाला की ब्रश धुवा. कुठे काय कमी आहे हे घरी, दुसऱ्या दिवशी, चित्र आरशात पाहून ठरवा.

बिघडतं ते कुठे

फुलकोबीसारखी पांढरट नक्षी उमटली तर अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्यानं भरलेला ब्रश लागला आहे. पाणी रंगकणांना बाहेर ढकलतं आणि कडेला गोळा करतं. तिला घासू नका, वाळू द्या, कधीकधी झाडात खपून जाते. रंग चिखलासारखा झाला तर तीनपेक्षा जास्त रंग मिसळलेत किंवा खालचा थर ओला असताना घोळवलात. सगळंच फिकं झालं तर गडद लावायची भीती वाटली. अशा वेळी टिपण शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे डोळे अर्धवट मिटून पाहा, फरक ताबडतोब कळतो.

दुसऱ्यांना शिकवताना

एका वेळी बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, प्रत्येकाजवळ तीन तासांत निदान तीनदा जाता आलं पाहिजे. पहिली दहा मिनिटं सगळ्यांना मनानं निसर्गचित्र काढायला लावा. दोन डोंगर येतीलच. हसू नका, कागद उलटा ठेवायला सांगा. मग समोरच्या डोंगरमाथ्याची नुसती बाह्यरेषा, कागदाकडे न पाहता, एका रेघेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की भाषण द्यावं लागत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांचा हात साफ असतो, पण स्मरणचित्राच्या सवयीनं ती झाड म्हणजे झाड असं ठरलेलं काढतात आणि सगळ्याला काळी बाह्यरेषा देतात. त्यांना एक तास पेन्सिल देऊच नका, कोळशाची कांडी आडवी धरून फक्त ठिगळं मांडायला सांगा. लहान मुलांना पाण्याची तंत्रं शिकवत बसण्यापेक्षा ‘वाऱ्याची रेघ’, ‘दगडाची रेघ’, ‘पाण्याची रेघ’ अशा खुणा शोधायला लावा. मोठ्यांची अडचण वेगळी, त्यांना चित्र घरी भिंतीवर लावायचं असतं. त्यांच्याकडून पाच-पाच मिनिटांची सहा चित्रं एकाच कागदावर करून घ्या. सहांपैकी कुठलंच ‘चित्र’ नसतं, म्हणून हात मोकळा होतो.

प्रात्यक्षिक वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि ते पूर्णही करू नका. पूर्ण झालेलं चित्र समोर असलं की वर्ग त्याची नक्कल करतो. शिकणाऱ्याच्या कागदावर ब्रश लावू नका. काही दाखवायचं तर स्वतःच्या चिठ्ठीवर दाखवा आणि ती चिठ्ठी त्याला देऊन टाका.

शेवटी सगळी चित्रं पायऱ्यांवर मांडा, अडीच-तीन मीटर मागे जा. ‘छान’ हा शब्द त्या दिवसापुरता बंद. प्रत्येक चित्राला दोनच प्रश्न : नजर आधी कुठे जाते, आणि रंगवणाऱ्याला तिथेच न्यायची होती का? उत्तर चित्र काढणाऱ्यानं शेवटी द्यायचं, आधी बाकीच्यांनी.

घरचा अभ्यास एकच : तीच जागा, तोच कागदाचा आकार, पाच वेगवेगळ्या वेळा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथलं कोटितीर्थ हे तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. जागा बदलत नाही म्हणून उजेड काय बदलतो ते दिसायला लागतं. पाचही चित्रांच्या मागे तारीख, वेळ आणि बाण लिहायला सांगा. ते नसेल तर पुढच्या वर्गात तुलना करता येत नाही.